खळीची साडी

बाई, तुमच्या फोटोला आम्ही हार घातला नाही. फुलांवर काय फवारलंय ते विचारल्याशिवाय मला हार घालायचा नाही, असं तुम्हीच हसत हसत सांगून ठेवलं होतं. विचारायचं कुणाला, म्हणून फोटो बिनहाराचाच ठेवला. नारायण पेठेतल्या वाचनालयाच्या वरच्या खोलीत, जिथे दर रविवारी तुमच्या परीक्षानळ्या मांडल्या जायच्या त्याच टेबलावर. दारावरची तुमच्या अक्षरातली पाटी अजून तशीच आहे: 'येथे खाण्याविषयी बोलले जाते. खायला मिळत नाही.' शोकसभेत मात्र मिळालं. बिस्किटं होती आणि दुधाचा चहा होता. शेवटची तीन वर्षं तुम्ही दुधाला शिवला नव्हतात हे खोलीतल्या प्रत्येकाला पाठ होतं, पण चहा कुणी नाकारला नाही. मीही घेतला.

सगळे चांगलं बोलले. बापटकाकू म्हणाल्या, बाईंनी आम्हाला खरं काय ते शोधायची सवय लावली. लोकांनी माना डोलावल्या. मग सगळे माझ्याकडे वळले, कारण मी तुमच्या सगळ्यांत जवळची. मी उभी राहिले आणि म्हणाले, बाईंनी मला परीक्षानळी धुवायला शिकवली. पुढे बोलताच येईना, खाली बसले. शेजारच्या बाईने माझ्या पाठीवरून हात फिरवला. तिला वाटलं, मला गहिवरून आलं. मला राग आला होता, बाई. तो त्या खोलीत काढण्यात अर्थ नव्हता. ज्यांच्यावर काढायचा त्या फोटोत होत्या, आणि फोटोत तुम्ही छान हसताय.

तुमचे उपकार मोठे आहेत, तेही आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला मोकळी. बारावी होऊन मी तुमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचेचं सामान धुवायला लागले, तेव्हा तिथल्या कुणाला माझं नाव माहीत नव्हतं. तुम्ही पहिल्याच दिवशी विचारलंत. मग म्हणालात, "मंगल, नळी तीनदा विसळायची. आधीच्या प्रयोगातलं काही उरलं, तर पुढचा प्रयोग खोटं बोलतो." धुता धुता मी बघायला लागले, बघता बघता विचारायला लागले. तुम्ही रिटायर होऊन रविवारचा वर्ग काढलात तेव्हा मला मदतनीस म्हणून नाही, जोडीदार म्हणून घेतलंत. हळदीतला रंग, डाळीवरची चकाकी, मटाराच्या पाण्याचा हिरवा, सगळं मी तुमच्या शेजारी उभी राहून शिकले. आणि नुसती रसायनं नाहीत. ताटात दिसतं ते अर्धंच असतं, म्हणायचात, उरलेलं अर्धं ताटात येण्याआधी कुणाच्या तरी बाबतीत घडून गेलेलं असतं.

एकदा वर्गात तुम्ही विचारलंत, म्हशीला रेडकू झालं, पारडी नाही झाली, तर त्याचं पुढे काय होतं? पेठेतल्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मला माहीत होतं. आमचं गाव कात्रजच्या पलीकडचं, आता शहरात गेलेलं, आणि मी म्हशींच्या घरात वाढलेली. मी उभी राहून सांगितलं, की त्याला पोटभर पाजत नाहीत, आणि मग ते फार दिवस राहत नाही. माझं मलाच ऐकू आलं तेव्हा कानशिलं तापली. पंधरा दिवस मी तुमच्याशी धड बोलले नाही. माझ्या घरातली गोष्ट तुम्ही माझ्याच तोंडून काढून घेतलीत असं मला वाटलं होतं.

पण ती गोष्ट मी दादापाशी बोलले. माझा हा थोरला भाऊ तसा कमी बोलणारा. तो म्हणाला, "मंगे, त्याच दुधावर शिकलीस तू." भांडण झालं. दोन दिवसांनी त्याचा फोन आला, की आजपासून एक सड पोराचं, मग पारडी असो नाहीतर रेडकू. गावातले त्याला हसले. त्याने हसू दिलं. मी तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुमच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. त्याच आठवड्यात तुम्ही दादाचा रतीब लावलात, आणि तुमचं बघून वर्गातल्या आणखी दहा घरांनी. रोज सकाळी दादा मोटरसायकलला कॅन बांधून कात्रजहून पेठेत यायचा. आमच्या भावाचं दूध बाई घेतात, हे मी बसमध्ये अनोळखी माणसांनाही सांगायचे.

आता साडीचं. तुमच्या साड्या सुती, आणि खळ तुम्ही घरी करायचात, साबुदाण्याची, अशी कडक की जिन्यातून साडीचा आवाज आधी यायचा आणि तुम्ही मागून. जुन्या झालेल्या दोन साड्या तुम्ही मला दिल्यात. त्यातली हिरव्या काठाची मी अर्धी फाडून वहिनीला दिली. सुनंदा वहिनी, दादाची बायको. धार तीच काढायची आणि दूध तीच गाळायची, आणि तिचं गाळायचं फडकं विरलं होतं. चांगलं सुती कापड बघून ती खूश झाली. बाईंची साडी म्हटल्यावर तर जास्तच. एकदा पाण्यातून काढून तिने ते लगेच वापरात घेतलं.

त्यानंतरच्या रविवारी तुम्ही वर्गात म्हणालात, आज आपल्या रतिबाचंच दूध तपासू, घरच्याला सूट नाही. मला अभिमान वाटला होता. मीच दूध उकळलं, गार केलं, नळीत घेतलं, मीच आयोडीनचे दोन थेंब टाकले. दूध निळं झालं. फार नाही, पण निळंच. दुधात पिठूळ काहीतरी आहे, हे ओळखायला आमच्या वर्गातल्या नवख्या बाईलाही अडचण आली नसती. कुणीतरी म्हणालं, लॅक्टोमीटर तर बरोबर दाखवतोय. तुम्ही म्हणालात, "म्हणूनच पीठ घालतात. पाणी घातलं की दूध पातळ होतं, मग पीठ घालून दाट करायचं. लॅक्टोमीटर फसतो. जुनी रीत आहे."

मी म्हणाले, बाई, दादा असं करणार नाही. त्यावर तुम्ही जे बोललात ते मला शब्दाला शब्द पाठ आहे. "दादा नसेल करत. धार कोण काढतं? दूध कोण गाळतं?"

मी सांगितलं, वहिनी.

"मग तिला विचार."

बाई, वर्गाचा पहिला धडा तुमचाच होता. नमुन्यात काय आहे ते चाचणी सांगते, कुणी केलं ते सांगत नाही. दुसरा धडाही तुमचाच, की एका नमुन्यावर कुणाचं नाव घ्यायचं नाही, भांडं बदलून दुसरा नमुना आणायचा. त्या दिवशी दोन्ही धडे कुठे गेले? खोली भरलेली होती, लोक तुमच्या तोंडाकडे बघत होते, आणि गावाकडची एक बाई दुधात पीठ घालते हे पेठेतल्या त्या खोलीत कुणालाच नवल वाटण्यासारखं नव्हतं. तुम्हालाही नाही. आणि खोटं कशाला बोलू, मलाही नाही. मी नळी पुसून रुमालात गुंडाळली आणि तशीच कात्रजची बस धरली.

वहिनी म्हणाली, मी काही घातलेलं नाही. दादाने नळी हातात घेतली, उजेडात धरली, बराच वेळ बघितली. तिच्याकडे त्याने बघितलंच नाही. शिकलेली बहीण काचेत घालून पुरावा घेऊन आली होती, मग बायकोच्या तोंडाकडे कशाला बघायचं? आठ दिवसांत अकराच्या अकरा घरं बंद झाली. सगळ्यांनी अगदी सभ्यपणे बंद केली, गैरसमज नको, आम्ही आता पिशवीचं सुरू केलंय. पहिलं घर तुमचं होतं. पेठेतलं एका घरात कळलं की सगळीकडे कळतं, दुसरे रतीब मिळेनात. दसऱ्याच्या आत दादाने म्हशी विकल्या. आता तो गावातल्याच एका सोसायटीच्या पार्किंगवर असतो. वहिनीशी तो बोलायचा, पण कामापुरतं. तिने चहा दिला की कपात बघायचा. तीन वर्षं ती माझ्या भावाच्या घरात दुधात पीठ घालणारी म्हणून राहिली.

मधल्या काळात बापटकाकूंनी घरी आटवलेला खवा आणला होता, आठवतं? तोही निळा झाला. तुम्ही हसलात. "अहो, साबुदाण्याच्या थालीपिठाचा हात लागला असेल. भांडं बदलून पुन्हा आणा." काकूही हसल्या. पुढच्या रविवारी पुन्हा आणला, तो निळा झाला नाही, विषय संपला. मी तेव्हा नळ्या विसळत होते. माझ्या हातातलं काम थांबलं होतं, पण तोंड उघडलं नाही.

त्याच दसऱ्याला मी श्रीखंड करायचं म्हणून दही बांधलं, त्याच साडीच्या उरलेल्या अर्ध्या भागात. तुमच्याकडून आलेली घडी तशीच होती, नीट धुतलीही नाही. वर्गात दाखवायला म्हणून चक्क्याचा एक गोळा काढून ठेवला आणि सहज आयोडीन टाकलं. निळा. मग फडक्यावरच एक थेंब टाकला. फडकं निळं झालं, वाटीपेक्षा गडद. वहिनीला फोन करून विचारलं, दूध कशाने गाळत होतीस? ती म्हणाली, "तुमीच दिलेलं की, ताई. बाईंच्या साडीचं." आमच्या वर्गात इतकी वर्षं भेसळ शोधली जात होती, आणि भेसळ तुमच्या खळीची होती.

मी ते फडकं घेऊन तुमच्याकडे आले. तुम्ही ते तपासलंत. मग अंगावरच्या साडीचा पदर पुढे ओढलात आणि त्यावर थेंब टाकलात. चांगल्या साडीवर. डाग पसरत गेला तसा तुमचा चेहरा उतरत गेला. "मूर्ख बाई," तुम्ही म्हणालात, स्वतःलाच. बाई, त्या क्षणी मला तुम्ही जितक्या आवडलात तितक्या आधी कधी आवडला नव्हतात. मला वाटलं, झालं, आता सगळं सरळ होणार.

तुम्ही म्हणालात, "चूक माझी आहे, मीच सांगणार. आधी तिला, मग वर्गाला. तू मध्ये बोलायचं नाहीस."

मी नाही बोलले. माझ्या आयुष्यातला हा सगळ्यात मोठा गाढवपणा. तुमच्या शब्दाला मी इतकी किंमत दिली की वहिनीच्या शब्दाला किंमतच उरली नाही. आधी तुमचा गुडघा दुखत होता, मग उन्हाळा होता, मग गणपती आले, मग वर्गाचं वर्धापन. दर वेळी कारण खरं होतं, तुम्ही खोटं कधीच बोलला नाहीत. नुसतं खरं बोलायचं तेवढं पुढे ढकलत राहिलात.

त्याच सुमारास तुम्ही दूध सोडलंत. वर्गात त्यावर छान बोललात, रेडकांवर, इंजेक्शनांवर, आईपासून तोडलेल्या वासरांवर. सगळं खरं होतं आणि मला पटतही होतं. पण एकदा तुमच्या स्वयंपाकघरात, कोरा चहा गाळताना तुम्ही म्हणालात, एका अर्थी बरंच झालं गं, तुझ्या दादाच्या म्हशी तरी सुटल्या. त्या सुटल्या नाहीत, बाई. विकल्या. दुसऱ्याच्या गोठ्यात गेल्या, आणि तिथे कुणी एक सड रेडकासाठी ठेवत नसणार. रसायनशास्त्र चुकलं तेव्हा तुम्ही नीतीच्या आडोशाला जाऊन उभ्या राहिलात. जी गोष्ट तुम्ही मला माणूस म्हणून वाढायला दिलीत, तीच स्वतःला लपायला वापरलीत. हे मी तेव्हा बोलायला हवं होतं. मी म्हणाले, चहा कडू झालाय.

शेवटी तुम्ही निघालात. रिक्षाने गेलो आपण, तुम्ही, मी आणि तुमच्या मांडीवरची ती पिशवी, त्यात फडक्याचा तुकडा आणि आयोडीनची बाटली. वाटेत तुम्ही काय बोलायचं ते पुटपुटत होतात, परीक्षेला निघालेल्या मुलीसारखं. वहिनीने अंगण झाडून ठेवलं होतं. बाई दूध घेत नाहीत हे मी कळवलं होतं, म्हणून तिने गुळाचा कोरा चहा केला. मग पिठलं, भाकरी, राजगिऱ्याची भाजी, जवसाची चटणी. तुम्ही पाट घेऊन जमिनीवर बसलात. ज्वारी कुठली, बी घरचं की विकतचं, फवारणी करता का, सगळं तिला विचारलंत, आणि तिने सगळं सांगितलं. इतकी बोलताना मी तिला किती तरी दिवसांत बघितलं नव्हतं. रिकाम्या गोठ्यात तिने कांदे पसरले होते. तुम्ही त्यांच्याकडे बघितलंत आणि नजर काढून घेतलीत.

दादा आला. त्याने पार्किंगवाल्यांचा निळा शर्ट घातला होता. तो तुमच्यासमोर उकिडवा बसला आणि हात जोडून म्हणाला, "बाई, हिच्याकडून चूक झाली. घरचं मानूस हाय. माफ करा."

वहिनी भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

बाई, इतका सोपा दरवाजा कुणाला मिळत नाही. तुम्हाला आत जायचं होतं फक्त. पिशवी तुमच्या गुडघ्यापाशी होती. मी तुमच्याकडे बघत होते, वहिनी तुमच्याकडे बघत होती. तुम्ही चहाचा घोट घेतलात, आणि दादाला म्हणालात, "असू दे."

वहिनीने ती भाकरी पूर्ण थापली, तव्यावर टाकली, आणि तुमच्या ताटात वाढली. तुम्ही ती खाल्लीत. निघताना तिने तुमच्या पिशवीत राजगिऱ्याची जुडी घातली, आयोडीनच्या बाटलीशेजारी.

परतीच्या रिक्षात तुम्ही म्हणालात, तिच्या घरचं अन्न पोटात असताना कसं सांगू, मंगल. मी म्हणाले, पोटात जायच्या आधी सांगायचं होतं. मग मी खव्याच्या दिवसापासून मनात असलेला प्रश्न विचारला. बापटकाकूंना भांडं बदलून आणा म्हणालात, वहिनीला का नाही म्हणालात? रिक्षावाल्याने आरशातून मागे बघितलं, इतका माझा आवाज चढला होता. स्वारगेट आलं तेव्हा म्हणालात, "तुझा प्रश्न बरोबर आहे." उत्तर काही दिलं नाहीत. आपल्या वर्गात बरोबर प्रश्नाला तुम्ही टाळ्या वाजवायला लावायचात, आणि पुढच्या रविवारपर्यंत उत्तर शोधून आणायचात. या प्रश्नासाठी तो रविवार आला नाही.

आणि मी तरी काय मोठी शहाणी. त्या अंगणात मी होते की. माझ्या तोंडाला कुणी कुलूप घातलं नव्हतं. तुम्ही "असू दे" म्हणालात आणि मी चहाच्या कपातला गाळ बघत बसले. दादासारखीच. तुमच्यावरच्या रागातला अर्धा राग माझा माझ्यावरचा आहे, पण मी जिवंत असल्यामुळे मला तो तुमच्यावर काढता येतो.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तुमच्या नळीतून जाणाऱ्या पातळ अन्नाच्या डब्यावरचं बारीक छापलेलं तुम्ही मला वाचून दाखवायला लावलंत. त्यात दुधाची पावडर होती. तुम्ही म्हणालात, "बघ, शेवटी म्हशीनेच सांभाळलं." आपण दोघी हसलो. मग म्हणालात, सुनंदाकडे जायचं राहिलं, बरी झाले की जाऊ. मी हो म्हणाले. तुम्ही बऱ्या होणार नव्हतात हे तुम्हालाही माहीत होतं आणि मलाही. तेव्हा तरी म्हणायचं होतंत, की मंगल, तू सांग. तेवढी तीन अक्षरं बोलायची ताकद होती तुमच्यात, डब्यावरच्या घटकांत चुका काढत होतात.

शोकसभेनंतर तुमच्या भाचीने कपाट उघडलं आणि म्हणाली, आठवण म्हणून एक साडी घ्या. सगळ्या बायकांनी रेशमी बघितल्या. मी सुती घेतली, घडी न मोडलेली, कडक. ती म्हणाली, धुवून नेसा हं, मावशी खळ फार घालायची. मी म्हणाले, माहीत आहे.

काल मी गावाला गेले. साडी, आयोडीन, दोन नळ्या. दादाची सुट्टी होती, मुद्दाम तोच दिवस धरला. घरात दूध पिशवीचं होतं. तुम्ही शिकवलंत तसं सगळं केलं. आधी नुसतं दूध उकळून, गार करून तपासलं. पिवळसर झालं, बाकी काही नाही. मग तेच दूध कोमट करून तुमच्या पदरातून गाळलं, पुन्हा उकळलं, गार केलं. थेंब टाकले. निळं. भांडं बदललं, पुन्हा केलं. निळं. मग दादाला सगळं सांगितलं, फडक्यापासून तुमच्या पिशवीपर्यंत, माझ्या तीन वर्षांच्या गप्प बसण्यासकट.

दादा दोन्ही नळ्या हातात घेऊन बसला होता. या वेळी त्याने मान वर करून वहिनीकडे बघितलं. "चुकलं माझं," म्हणाला.

वहिनी रडली नाही, ओरडली नाही. तिने साडीच्या पदरावरून बोट फिरवलं, खळ किती आहे ते बघावं तसं. मग मला म्हणाली, "मी तवाच सांगितलं हुतं, काय बी घातलं न्हाय म्हनून. तवा माझं बोलनं कुनी तपासलं न्हाय."

मी म्हणाले, वहिनी, बाईंच्या मनात होतं. त्या स्वतः येऊन सांगणार होत्या. मी तुमची बाजू घेत होते, बाई, बघा, अजूनही.

"आल्या हुत्या की," ती म्हणाली. "हितं बसल्या हुत्या. माझी भाकरी खाल्ली."

तिने दोन्ही नळ्या दादाच्या हातातून काढून घेतल्या, मोरीत नेऊन ओतल्या, आणि तीनदा विसळल्या. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. निळं पाणी जाळीतून खाली गेल्यावर नळ्या उपड्या ठेवत म्हणाली, "मला काय दावता, ताई. त्या अकरा घरांस्नी दावा."

येत्या रविवारी दाखवणार आहे. वर्गात, तुमच्या टेबलावर, तुमच्या साडीतून गाळून, बापटकाकूंच्या समोर. वहिनीचं नाव घेऊन आणि तुमचंही. ती येईल का विचारलं, तर म्हणाली, बघू.

निघताना मी चप्पल घालत होते. मला वाटलं, काहीतरी शेवटचं बोलावं, तुमच्या वतीने. म्हणाले, बाईंना माफ कर गं, आता त्या नाहीत.

ती उंबऱ्यात उभी होती. "त्या असू दे म्हनाल्या हुत्या," ती म्हणाली. "मी न्हाय म्हननार."

तुम्हाला हे कळायला हवं, बाई, म्हणून लिहिलं.